बीदरच्या करेजी आणि दानाची सनद

बीदर शहर ज्या पठारावर वसले आहे त्याचा माथा तांबड्या जांभ्याचा असून त्याच्याखाली दख्खनेच्या काळ्या कातळाचा थर पसरलेला आहे, आणि या दोन खडकांच्या स्वभावभेदातच त्या नगराच्या पाण्याचा बहुतेक इतिहास सामावलेला आहे. जांभा सच्छिद्र, मृगापासून हस्तापर्यंत जो पाऊस पडेल तो सावकाश पोटात घेणारा. खालचा काळा कातळ घट्ट. वरून झिरपत आलेल्या पाण्याला तो सहजासहजी खाली जाऊ देत नाही. म्हणून ते पाणी दोन थरांच्या सांध्याशी साचते, आडवे सरकू लागते आणि पठाराची कड जेथे तुटली आहे तेथे झऱ्याच्या रूपाने प्रकट होते. गुरू नानकांच्या आगमनाच्या परंपरेने शीख समाजाला पूज्य झालेला नानक झिरा, भुयारातल्या छातीभर पाण्यातून चालत जाऊन ज्याचे दर्शन घ्यावे लागते तो झरणी नरसिंह, आणि पापनाशाचे शिवालय, ही तिन्ही स्थाने भिन्न परंपरांची असली तरी त्यांना जीवन पुरविणारा खडक एकच आहे. निसर्गाने कडेकडेला जे झरे फोडले त्यांचेच पाणी मनुष्याने पठाराच्या पोटात शिरून, आपल्याला हव्या त्या ठिकाणी, हव्या त्या उंचीवर बाहेर काढले. बीदरची करेज ती हीच.

करेज म्हणजे जमिनीखालून खोदत नेलेला, अगदी अल्प उताराचा बोगदा. उंचवट्यावर, जेथे भूजल निश्चितपणे लागते, तेथे एक मूळ विहीर खणावयाची. तिला मातृविहीर म्हणतात. तेथून गावाच्या दिशेने, ठराविक अंतरावर एकामागून एक उभ्या विहिरी पाडीत जावयाचे आणि त्यांचे तळ आडव्या बोगद्याने एकमेकांस जोडावयाचे. या उभ्या विहिरींतून खोदकामाची माती वर येते, खाली काम करणाऱ्याला हवा आणि उजेड मिळतो, आणि पुढे शतकानुशतके साफसफाईसाठी उतरण्याची वाटही त्याच पुरवितात. बोगद्याचा उतार जास्त झाला तर पाणी तळ खरवडीत धावते, कमी झाला तर गाळ बसतो. म्हणून आजच्या यंत्रांवाचून, काळोखात, कैक पुरुष खोलीवर हा उतार साधणाऱ्या कारागिरांच्या नजरेपुढे आपण नम्र झाले पाहिजे. बीदरला अशा तीन व्यवस्था सापडल्या आहेत: वीसहून अधिक उभ्या विहिरी असलेली नौबादची करेज, शुक्लतीर्थाची करेज, आणि जुन्या शहराच्या गल्लीबोळांखालून पाणी वाटीत जाणारी जमना मोरी. मराठी वाचकाला औरंगाबादची मलिक अंबरची नहर ठाऊक असते आणि तिच्याच कुळातील बऱ्हाणपूरचा कुंडी भंडाराही पुष्कळांनी पाहिलेला असतो. या दोन्ही सतराव्या शतकातील होत. बीदरची करेज त्यांच्याहून सुमारे दोनशे वर्षांनी वडील आहे.

या रचनेला उपसा लागत नाही. मोट नको, बैल नको, वीज नको. मातृविहिरीपासून मुखापर्यंत पाणी आपल्याच भाराने चालत येते. याहून मोलाचा गुण असा की बोगद्याच्या पातळीवर जेवढे भूजल चढेल तेवढेच ती देते. पाऊस उणा झाला की तिचा प्रवाह आपोआप रोडावतो, आणि जमिनीच्या पोटातील ठेव तिच्याकडून कधी संपूर्ण उपसली जात नाही. विंधण विहिरीच्या पंपाला हा संयम ठाऊक नाही. तो तळाशी जाऊन शेवटचा थेंब मागतो, आणि ज्याचा पंप अधिक खोल त्याचे पाणी अधिक, असा एक नवाच न्याय त्याने गावोगाव रूढ केला आहे.

हे तंत्र इराणातले, आणि ते बीदरला कसे आले याची पार्श्वभूमी मोठी हृद्य आहे. १४२२ ते १४३६ या काळात राज्य केलेल्या अहमदशाह वली बहामनीने आपली राजधानी गुलबर्ग्याहून बीदरला हलविली. किरमान प्रांतातील माहान येथील सूफी सत्पुरुष शाह नेमतुल्लाह वली यांच्या ठायी त्याची अपार निष्ठा होती. त्याने त्यांना दख्खनेत येण्याची विनंती केली. वृद्ध शाह स्वतः आले नाहीत, पण त्यांनी आपला नातू पाठविला, आणि १४३१ साली त्यांचे निधन झाल्यावर त्यांचे पुत्र खलीलुल्लाह बीदरला येऊन राहिले. अष्टूरच्या वाटेवर त्यांची अष्टकोनी चौखंडी आजही उभी आहे. इकडे अहमदशाहाने आपल्या खजिन्यातून माहानच्या समाधीवर घुमट उभारविला. इराणातील त्या दर्ग्याचा मूळ भाग बीदरच्या पैशाने बांधलेला आहे, ही गोष्ट आपल्याकडे फार थोड्यांना माहीत असते. किरमान हा भूमिगत कालव्यांच्या आधारावर जगणारा रुक्ष प्रदेश. तेव्हा बीदरची दौलत माहानच्या घुमटाला लागावी आणि त्या मुलखातील जलविद्या बीदरच्या जांभ्यात उतरावी, असा हा देवघेवीचा व्यवहार झाला असे मानावयास पुष्कळ जागा आहे. पुढे गीलानहून आलेल्या महमूद गावानने १४७२ साली बीदरला जो मदरसा बांधला, त्याचे कौतुक अवघ्या जगात होते आणि ते योग्यच आहे. परंतु मदरशातल्या विद्यार्थ्याला, लष्करातल्या घोड्याला आणि बाजारातल्या वाटसरूला ज्या पाण्याने जगविले ते पाणी आणणाऱ्या बोगद्यांकडे इतिहासकारांचे लक्ष फारच उशिरा वळले. हैदराबाद संस्थानाच्या पुराणवस्तु खात्याचे संचालक गुलाम यझदानी यांनी १९४७ साली बीदरवर जो ग्रंथ प्रसिद्ध केला तो या नगराच्या वास्तूंचा आजही आधारग्रंथ आहे, पण करेजींचे मोजमाप होऊन नकाशे निघावयास त्यानंतर सहा दशकांहून अधिक काळ जावा लागला.

आता ज्या मुद्द्यासाठी हा लेख लिहिण्यास घेतला त्याकडे येतो. करेज खोदून झाली म्हणजे काम संपले असे होत नाही. छताचा जांभा ढासळतो, झाडांची मुळे आत शिरतात, उभ्या विहिरींतून माती आणि पालापाचोळा पडतो, आणि गाळ काढणारे हात काही वर्षे खाली उतरले नाहीत तर शतकभर वाहिलेला प्रवाह पाहता पाहता थांबतो. इराणात या कामाला मुकन्नी नावाचा पिढीजात कारागीरवर्गच होता. म्हणून कोणत्याही जलाशयाविषयी विचारावयाचा पहिला प्रश्न, तो कोणी बांधला, हा असू नये असे मला वाटते. त्याच्या वार्षिक मरामतीचा खर्च कोणाच्या नावे, कोणत्या उत्पन्नावर आणि कोणत्या सनदेने लावून दिलेला होता, हा पहिला प्रश्न होय. आमच्या या सीमाभागात, म्हणजे कल्याणी, भालकी, औराद, आळंद या मुलखात, बांधणारे दाते कधीच दुर्मिळ नव्हते. दुर्मिळ होती ती खर्चाची कायमची तजवीज, आणि ज्यांनी ती केली त्यांचेच पाणवठे टिकले.

या तजविजीची परंपरा बहामनींच्या फार पूर्वीची आहे. वापी, कूप, तडाग बांधणे यास आपल्या धर्मशास्त्राने पूर्त असे नाव देऊन यज्ञयागाच्या इष्टाबरोबरचे स्थान दिले, आणि ज्या याज्ञवल्क्यस्मृतीवर विज्ञानेश्वराने मिताक्षरा लिहिली ती मिताक्षरा याच भूमीत, विक्रमादित्य चालुक्याच्या कल्याणात, म्हणजे आजच्या बीदर जिल्ह्यातील बसवकल्याणात, लिहिली गेली. परंतु केवळ पुण्याच्या आशेवर त्या काळच्या शहाण्या माणसांनी विसंबून ठेवले नाही. कन्नड शिलालेखांत बित्तुवट्ट म्हणून जो हक्क येतो त्याचा आशय असा की तळ्याखाली जी जमीन भिजेल तिच्या उत्पन्नातील काही वाटा तळ्याच्याच देखभालीसाठी राखून ठेवावयाचा. तळे टिकले तर जमीन भिजते, जमीन भिजली तर वाटा येतो, आणि वाटा आला तर तळे टिकते; या चक्रात दात्याच्या मृत्यूने खंड पडत नाही आणि राज्य बदलले तरी फारसे बिघडत नाही.

राजांप्रमाणेच व्यापाऱ्यांच्या संघांनीही असे भार उचललेले आहेत. ऐहोळेच्या नावाने प्रसिद्ध असलेला अय्यावोळे पाचशे हा व्यापारीसंघ चालुक्यांच्या काळात साऱ्या दक्षिणेत पसरलेला होता, आणि त्याच्या सभा बसून आपल्या मालाच्या ओझ्यामागे, पानांच्या, सुपारीच्या, धान्याच्या गोणीमागे, ठराविक दान ठरवीत आणि ते देवालयाला वा लोकोपयोगी कामाला लावून देत. याहूनही जुना दाखला नाशिकच्या पांडवलेण्यांत सर्व मराठी वाचकांच्या हाताशी आहे. क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याने तेथे तीन हजार कार्षापणांची अक्षयनीवी ठेवली. त्यांपैकी दोन हजार विणकरांच्या एका श्रेणीकडे दरमहा शेकडा एक या व्याजाने आणि एक हजार दुसऱ्या श्रेणीकडे पाऊण टक्क्याने गुंतविले, मुद्दल परत मागावयाचे नाही आणि व्याजातून भिक्षूंच्या वस्त्रांचा खर्च चालवावयाचा, असे दगडावर कोरून ठेविले. त्याच लेण्यांतील पुढच्या काळातल्या आभीरकालीन लेखात रुग्ण भिक्षूंच्या औषधासाठी ज्या श्रेणींकडे ठेवी ठेवल्या त्यांत कुंभार आणि तेली यांच्याबरोबर ओदयंत्रिक, म्हणजे जलयंत्रांचे कारागीर, यांचीही श्रेणी आहे. व्यवसायसंस्थेने सार्वजनिक कार्यासाठी पैसा सांभाळणे, वाढविणे आणि वर्षानुवर्षे देत राहणे ही गोष्ट आपल्याकडे अशी अठराशेहून अधिक वर्षांची जुनी आहे. आजच्या कंपन्यांच्या अनुदानांचा विचार करताना तिचे स्मरण ठेवणे इष्ट आहे.

पैशाइतकीच माणसाचीही नेमणूक कायम असावी लागते. खानदेशात पांझरा, मोसम या नद्यांवर जी फडपद्धती चालत आली तिच्यात पाणी सोडणारा पाटकरी आणि बंदोबस्त पाहणारा हवालदार यांना शेतकरी आपल्या पिकातून मोबदला देत, आणि म्हणून पाट फुटला तर धावून जाणारा माणूस कोण हे गावातील लहान मुलालाही ठाऊक असे. नेमून दिलेला मान आणि हक्क किती दीर्घकाळ टिकतो याचा एक विलक्षण नमुना बीदरजवळ अष्टूरलाच पाहावयास मिळतो. तेथील अहमदशाह वलीच्या कबरीवर होळीनंतर, हिंदू पंचांगाप्रमाणे, जो उरूस भरतो त्याचा मान कलबुर्गी, म्हणजे जुन्या गुलबर्गा, जिल्ह्यातील माडियाळच्या लिंगायत जंगमाकडे असून तो आपल्या मंडळींसह पायी चालत बीदरला येतो आणि मुसलमान व हिंदू दोघेही त्या सोहळ्यात एकत्र येतात. सुलतानाची सत्ता गेली, बरीदशाही आली आणि गेली, विजापूरकर आले, १६५७ साली औरंगजेबाने किल्ला घेतला, निजामाचा अंमल सव्वादोनशे वर्षे चालला आणि तोही संपला. माडियाळच्या जंगमाची वाटचाल मात्र चालू आहे, कारण ती कोणाच्या कृपेवर नसून त्याच्या मानावर चालते. करेजीच्या गाळ काढणाऱ्याला असाच मान लाभला असता तर तिचे भाग्य निराळे झाले असते, असे मला वारंवार वाटते.

करेजींच्या ऱ्हासाची पहिली शतके येथे विस्ताराने सांगण्याचे कारण नाही. राजधानीचा दर्जा गेला, वस्ती विरळ झाली, पाण्याची निकड कमी झाली, आणि जे निकडीचे राहत नाही त्याकडे दरबाराची नजर वळत नाही. निर्णायक बदल मात्र आपल्या डोळ्यांदेखत, विसाव्या शतकात झाला. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान भारतात आले. पुढल्याच वर्षी जहागिऱ्या खालसा झाल्या. १९५५ साली इनामे नष्ट करणारा कायदा हैदराबाद राज्यात झाला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषावार रचनेत बीदर आणि गुलबर्गा म्हैसूर राज्यात गेले आणि उदगीर, अहमदपूर, निलंगा हे बीदरचे तालुके मराठी प्रदेशाला मिळाले. १९६१ साली म्हैसूर राज्याने ग्राम-वतने रद्द केली. यांपैकी जहागिरी, इनाम आणि वतन यांचा उच्छेद हा न्याय्यच होता. ज्या व्यवस्थेत काहींना जन्माने जमीन आणि इतरांना जन्माने वेठ मिळत असे ती जावयास हवी होती, आणि तिच्यासाठी अश्रू ढाळण्याचे मला कारण दिसत नाही. परंतु तळ्याच्या बांधाची, विहिरीच्या पायऱ्यांची आणि पाटाच्या गाळाची काळजी याच इनामांना आणि वतनांना चिकटलेली होती. वतन रद्द करणाऱ्या कायद्याने ती काळजी कोणाकडे सोपवावयाची याचा निर्णय केला नाही. सरकारने नवी धरणे बांधली, भालकी तालुक्यात कारंजा नदीवर मोठा प्रकल्प उभा राहिला, नळ आले. आणि जुन्या पाण्याचा धनी कोण, या प्रश्नाचे उत्तर दप्तरातून पुसले गेले.

याच सुमारास आणखी एका कारणाने जुन्या विहिरींवर गदा आली, आणि त्या कारणाला दोष देता येत नाही. नारूच्या रोगाने गुलबर्गा आणि शेजारचे जिल्हे शतकानुशतके पिडलेले होते. पायऱ्यांच्या विहिरीत उतरून पाय बुडवून पाणी भरण्याच्या रिवाजानेच तो जंतू माणसातून पाण्यात आणि पाण्यातून माणसात जात असे. १९८३ मध्ये राष्ट्रीय निर्मूलन मोहीम सुरू झाली, पायऱ्यांच्या विहिरी बंद करून वरून पोहऱ्याने शेंदावयाच्या करण्यात आल्या, जागोजाग हातपंप बसले. १९९६ साली देशातील शेवटचा रुग्ण नोंदला गेला आणि २००० साली भारत नारूमुक्त म्हणून जाहीर झाला. ही आरोग्यसेवेची थोर कामगिरी होय. तिच्या ओघात उघड्या पाणवठ्याविषयी लोकांच्या मनात जी भीती आणि जी अनास्था राहून गेली, तिच्यामुळे विहीर ही कचरा टाकण्याची जागा झाली. त्यात १९७२ च्या दुष्काळापासून पसरत गेलेल्या विंधण विहिरींनी भूजलाची पातळी करेजींच्या बोगद्याखाली ओढून नेली.

इकडे कलबुर्गीच्या अंगाने एक नवा दाता जन्माला येत होता. महाराष्ट्रातल्या घराघरांत जी शहाबादी फरशी आहे ती याच जिल्ह्यातील चुनखडकाच्या थरांतून निघते. शहाबादेस १९२० च्या दशकात सिमेंटचा कारखाना निघाला आणि १९३६ साली तो एसीसी या संयुक्त कंपनीत सामील झाला. १९६८ साली वाडीला एसीसीचाच मोठा कारखाना सुरू झाला. आणि पुढे कागिणा नदीच्या काठी, राष्ट्रकूटांची राजधानी असलेल्या मळखेडाच्या परिसरात आणि सेडमला, आणखी कारखान्यांची धुराडी उभी राहिली. राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या मान्यखेटात, म्हणजे याच मळखेडात, आज चुनखडकाच्या खाणी आहेत. या उद्योगांनी रोजगार दिला, शाळा आणि दवाखाने चालविले, खाणीच्या कडेला झाडे लावली. पण त्या देण्याचे स्वरूप प्रायः मालकाच्या मर्जीचे होते.

या मर्जीला कायद्याचे रूप २०१३ च्या कंपनी कायद्याने दिले. त्याच्या १३५ व्या कलमाप्रमाणे, ज्या कंपनीचे निव्वळ मूल्य ५०० कोटी रुपये, किंवा उलाढाल १,००० कोटी, किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये वा त्याहून अधिक असेल, तिने मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कार्यावर, म्हणजे सीएसआरवर, खर्च केली पाहिजे. १ एप्रिल २०१४ पासून हे बंधन अमलात आले. सातव्या परिशिष्टात ज्या कामांची यादी आहे तीत पर्यावरणाचे संतुलन, मृदा व जल यांचे संधारण आणि राष्ट्रीय वारशाचे जतन या तिन्ही गोष्टी आहेत, आणि कंपनी जेथे काम करते त्या भागाला अग्रक्रम द्यावा असेही त्या कलमात म्हटले आहे. शिवाय २०१५ साली खाणकायद्यात दुरुस्ती होऊन जिल्हा खनिज प्रतिष्ठाने निघाली, ज्यांत जुन्या खाणपट्ट्यांच्या धारकाने स्वामित्वधनाच्या ३० टक्के आणि लिलावाने मिळालेल्या पट्ट्याच्या धारकाने १० टक्के इतकी रक्कम भरावयाची असते. या दोन निधींत एक भेद आहे आणि तो मला मोठा वाटतो. खनिज प्रतिष्ठानातील पैसा हा खाणीने बाधित झालेल्या माणसाचा हक्क म्हणून येतो. सीएसआरचा पैसा कोणत्या गावी, कोणत्या कामाला जावा हे ठरविणे देणाऱ्याच्याच हाती राहते.

बीदरच्या करेजीकडे हा नवा दाता वळला त्याआधी काही माणसांनी आपल्या पायांनी तिचा माग काढलेला होता. केरळातील भूगोलाचे अध्यापक वल्लियिल गोविंदनकुट्टी यांनी बीदरला येऊन नौबादच्या शेतांतून एकेक उभी विहीर शोधीत करेजीचा नकाशा तयार केला. शहरातील तरुणांच्या स्वयंसेवी मंडळींनी त्यांना साथ दिली. बीदरचे ऐतिहासिक नगर २०१४ च्या जागतिक स्मारक दक्षता यादीत आले. आणि २०१५ मध्ये जिल्हाधिकारी अनुराग तिवारी यांच्या पुढाकाराने नौबादच्या करेजीतील गाळ उपसण्याचे काम सुरू होऊन बुजलेल्या विहिरी एकामागून एक उघड्या झाल्या. पुढच्या उन्हाळ्यात, २०१६ च्या एप्रिलात, शेजारच्या लातूर शहराला मिरजेहून आगगाडीने पाणी न्यावे लागले, हे आठवले म्हणजे त्या कामाचे मोल कळते. मांजरा नदी ही लातूर आणि बीदर दोघांचीही; तिच्या पात्रातील गाळ काढण्यासाठी लातूरकरांनी त्याच वर्षी लोकवर्गणीतून काम केले, आणि सीमेच्या अलीकडे-पलीकडे एकाच दुष्काळाने लोकांना एकाच कामाला लावले. तिवारी पुढल्या वर्षी, २०१७ मध्ये, अकाली वारले. त्यानंतर वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंडाच्या भारतीय संस्थेने टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसच्या प्रतिष्ठानाच्या साहाय्याने दख्खनच्या पठारावरील ऐतिहासिक जलव्यवस्थांच्या संवर्धनाचे कार्य हाती घेतले आणि त्यात विजापूरच्या पाणवठ्यांबरोबर बीदरची करेजही घेतली. अहमदशाहानंतर सहाशे वर्षांनी या बोगद्याला पुन्हा एक धनवान आश्रयदाता लाभला, ही आनंदाची गोष्ट आहे आणि ती मोकळ्या मनाने मान्य केली पाहिजे.

चिंता आहे ती पुढची. सीएसआरच्या नियमांत चालू प्रकल्प म्हणून जे काम गणले जाते त्याची मुदत आरंभीचे वर्ष सोडून तीन वर्षांची आहे. पडलेला छताचा भाग उचलून धरावयास, गाळ काढावयास, दगडी तोंडे बांधावयास इतका काळ कदाचित पुरेल. पण करेजीचे आयुष्य तीन वर्षांचे नाही. चौथ्या पावसाळ्यात तिच्यात उतरणारा कोण? त्याची मजुरी कोणी द्यावयाची? त्याला विषारी वायूपासून आणि ढासळणाऱ्या मातीपासून सुरक्षित ठेवण्याचा बंदोबस्त कोणी करावयाचा? जुन्या दात्याने याचे उत्तर मुद्दल कायम ठेवून आणि त्याच्या उत्पन्नावर खर्च लावून दिले होते. आजचा दाता इच्छा असूनही ते देऊ शकत नाही, कारण २२ जानेवारी २०२१ पासून अमलात आलेल्या दुरुस्त नियमांखाली एखाद्या संस्थेच्या कायम निधीत दिलेली देणगी सीएसआरचा खर्च म्हणून धरली जात नाही. या निर्बंधामागील हेतू मी समजू शकतो; पैसा ठेवीच्या रूपाने पडून राहू नये, तो प्रत्यक्ष कामावर लागावा, हा तो हेतू. तरीही शाळेच्या इमारतीला जो नियम चालेल तोच पाण्याच्या वाहत्या व्यवस्थेला लावला की तिच्यावरील उपकाराची मुदतही ठरून जाते, आणि ज्या अक्षयनीवीने नाशिकच्या लेण्यांत शतकांचा विचार केला तिला आजच्या कायद्यात जागा उरत नाही.

दुसरी चिंता जमिनीची. करेज खालून जाते आणि तिच्यावरची जमीन कोणाच्या तरी मालकीची असते. नौबादच्या बाजूला शहर वाढत आहे. जेथे ज्वारीची, तुरीची शेते होती तेथे प्लॉट पडत आहेत, आणि ज्या उघड्या जांभ्यातून पावसाचे पाणी आत जात असे त्यावर सिमेंटचे थर बसत आहेत. घर बांधणाऱ्याने आपल्या अंगणात विंधण विहीर घेतली तर तो बेकायदेशीर असे काही करीत नाही. तरी तशा शेकडो विहिरी एकत्र येऊन मातृविहिरीचे पाणी नेतात. कोणत्याही कंपनीचे अनुदान हे थांबवू शकणार नाही. ते अधिकार जिल्हाधिकाऱ्यांच्या, नगररचना खात्याच्या आणि नगरसंस्थेच्या हातचे आहेत; बोगद्याच्या दोन्ही अंगांना ठराविक अंतरापर्यंत बांधकाम आणि विंधण यांस मनाई करणारा आदेश निघून त्याची नोंद प्रत्येक सर्व्हे नंबरच्या उताऱ्यावर चढली पाहिजे, म्हणजे जमीन विकत घेणाऱ्याला आपण काय घेत आहोत हे आधी कळेल आणि शेतकऱ्यालाही त्याच्या नुकसानीचा मोबदला मागता येईल.

मरामतीच्या बाबतीत माझी मागणी अगदी साधी आहे. गाळ काढण्याचा, बांधकामाचा, संशोधनाचा मोठा खर्च कंपन्यांच्या अनुदानातून जरूर व्हावा. परंतु अनुदानाचा करारनामा करताना नगरसंस्थेने आपल्या अंदाजपत्रकात करेजीच्या वार्षिक देखभालीचे स्वतंत्र शीर्ष उघडावे, त्याखाली पगारी, प्रशिक्षित आणि विम्याने संरक्षित अशा माणसांची नेमणूक करावी, आणि त्या शीर्षासाठी रक्कम बाजूस ठेवल्याचा दाखला पाहिल्याखेरीज कोणत्याही दात्याने पहिला हप्ता देऊ नये. ज्या माणसांची नेमणूक होईल ती शक्यतो नौबादचीच असावीत, आणि २०१५ साली ज्यांनी त्या विहिरींतून टोपल्या भरभरून माती वर आणली त्यांना या नेमणुकीसाठी प्रथम विचारले जावे.